दरवर्षी कंपोस्ट घातल्याने जमिनीत जड धातू साचतात का?

होय, शिसे, कॅडमियम, तांबे, जस्त असे जड धातू साचतात. मात्र ‘कंपोस्ट’ म्हणताना आपण शेणखत, कोंबडीखत आणि शहरी कचऱ्याचे कंपोस्ट एकाच पंगतीला बसवतो, आणि नेमक्या याच सरमिसळीवरून आमच्या घरात जुना वाद असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

तासगाव तालुक्यात माझी आणि थोरल्या बंधूंची द्राक्षबाग बांधाला बांध लागून आहे. एका वर्षी छाटणीच्या आधी दादांनी शहरातल्या न निवडलेल्या कचऱ्याचे कंपोस्ट, केवळ स्वस्त मिळते म्हणून, ट्रॉल्या भरून आणले. त्यात काचेचे तुकडे, औषधगोळ्यांची रिकामी पाकिटे आणि गंजलेले सेल निघाले. मी हरकत घेतली, तर ‘माती सगळं पचवते’ असे उत्तर मिळाले. माती शेण पचवते, पालापाचोळा पचवते. शिसे आणि कॅडमियम ही मूलद्रव्ये आहेत, त्यांचे विघटन करणारा जिवाणू अस्तित्वात नाही. उलट कुजताना सेंद्रिय भागातील बराचसा कार्बन वायुरूपाने निघून जातो, ढिगाचे वजन घटते आणि धातू तेवढाच राहतो. त्यामुळे तयार कंपोस्टमध्ये त्याचे प्रमाण मूळ कचऱ्यापेक्षा वाढलेलेच असते.

विक्रेत्याने माल ‘मानकांप्रमाणे’ असल्याचे तोंडी सांगितले होते. खत नियंत्रण आदेश, १९८५ नुसार शहरी कंपोस्टमध्ये किलोमागे शिसे १००, कॅडमियम ५, तांबे ३०० आणि जस्त १००० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे. या मर्यादेला काठोकाठ टेकलेले कंपोस्ट कोरड्या वजनाने एकरी ५ टन घातले, तर अर्धा किलो शिसे शेतात जाते. एकरातील वरच्या १५ सेंटिमीटर थराचे वजन साधारण ९ लाख किलो धरल्यास, किलोभर मातीत दरवर्षी अर्ध्या मिलिग्रॅमहून किंचित अधिक शिसे वाढते. एका वर्षाचा हा आकडा नगण्य आहे. वीस वर्षांत तो किलोमागे ११ मिलिग्रॅमच्या घरात जातो आणि खाली येण्याचे नाव घेत नाही. हा हिशेबही मानक पाळले गेले असे गृहीत धरून केलेला आहे.

यावर दादांचा प्रतिटोला ठरलेला असतो: ‘तू बोर्डो मारतोस त्याचं काय?’ बोर्डो म्हणजे मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि चुन्याचे बुरशीनाशक मिश्रण. त्याच्या एक टक्क्याच्या १०० लिटर द्रावणाला १ किलो मोरचूद लागते आणि त्यात सुमारे पाव किलो तांबे असते, हे खरेच आहे. बागेच्या मातीत ते साचतेही. परंतु मी किती तांबे टाकले ते वहीत लिहिलेले आहे, ट्रॉलीत काय होते ते विकणाऱ्यालाही ठाऊक नव्हते. शिवाय तांबे पिकाला अत्यल्प का होईना लागते, शिसे कोणत्याच पिकाला लागत नाही.

कोंबडीखताचा प्रकार निराळा आहे. खाद्यात तांबे आणि जस्ताचे क्षार मिसळतात, पक्षी त्यातील बराच मोठा भाग विष्ठेवाटे टाकतो आणि तो थेट शेतात येतो.

मृदा आरोग्य पत्रिकेवर, म्हणजे सरकारी माती तपासणीच्या अहवालावर, विसंबू नये. तिच्यातील १२ घटकांत तांबे आणि जस्त आहेत, पण अन्नद्रव्ये म्हणून, उपलब्ध स्वरूपात, म्हणजे पिकाला घेता येईल तेवढेच मोजलेले. शिसे आणि कॅडमियम त्यात नाहीत. एकूण धातूंची तपासणी वेगळी मागावी लागते, आणि ती मातीच्या आधी खताची करावी, कारण एकदा मातीत गेलेला धातू काढून घेण्याचा शेतकऱ्याला परवडेल असा उपाय नाही.

एवढे वाचून कोणी कंपोस्ट बंद करू नये. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनी अल्कधर्मी असल्यामुळे कॅडमियम बहुतांशी मातीला धरून राहते. कोकणातील आम्लधर्मी जांभ्या जमिनीत ते पिकात अधिक सहज जाते, आणि पालकासारख्या पालेभाज्या ते फळपिकांपेक्षा जास्त उचलतात. सेंद्रिय पदार्थ स्वतःही धातूंना धरून ठेवतात. दादांच्या म्हणण्यात तथ्य आहे ते एवढेच. घरच्या जनावरांच्या शेणखताबद्दल चिंतेचे कारण सहसा नसते. विकतच्या कंपोस्टचा मात्र त्याच खेपेचा प्रयोगशाळा अहवाल पाहिल्याशिवाय ट्रॉली बांधावर उतरवून घेऊ नये, विक्रेता थोरल्या भावाचा वर्गमित्र असला तरीही.