झांझिबारची सहा आठवड्यांची पोस्टिंग आणि चार हजार डॉलर

प्रश्न: मी वैद्यकीय शिक्षणाच्या शेवटच्या टप्प्यात असून 20 एप्रिल ते 31 मे या काळात झांझिबारच्या एका रुग्णालयात इलेक्टिव्ह पोस्टिंग (स्वतः निवडलेल्या ठिकाणचे प्रशिक्षण) करणार आहे. शिल्लक 4,000 डॉलर आहे. विमानभाडे 1,000 डॉलर होईल. राहणे, जेवण, रुग्णालयातील व्यवस्था आणि शनिवार-रविवारच्या सहली यांसाठी एजन्सी 2,600 डॉलर मागते. जूनमध्ये आठवडाभर जास्त राहून डायव्हिंग शिकायचे आहे. त्याचे 750 डॉलर क्रेडिट कार्डावर घ्यावेत का? तिथला सक्तीचा विमा घेणारच आहे, मग 120 डॉलरचा वेगळा प्रवास विमा टाळला तर चालेल का?

उत्तर: विमा टाळू नका आणि कार्डावर डायव्हिंग करू नका, मात्र डायव्हिंगचा विचार सोडूनच द्या, असेही मी म्हणणार नाही. सहा आठवडे परक्या भाषेत, दमट उकाड्यात वॉर्डात उभे राहणाऱ्या विद्यार्थ्याला विसावा हवाच, आणि त्याची तरतूद आधीपासून केलेली असावी.

सर्वप्रथम 600 डॉलर बाजूला काढा आणि त्यांना हात लावू नका. रक्त घेताना सुई टोचली, तर एचआयव्ही प्रतिबंधक औषध शक्यतो काही तासांत आणि उशिरात उशिरा 72 तासांच्या आत सुरू करावे लागते, व ते 28 दिवस चालते. पाचव्या आठवड्यात असे घडले तर औषधाचा बराचसा काळ परतल्यानंतरचा असेल, कदाचित तिकीटही बदलावे लागेल. हे औषध रुग्णालयात विद्यार्थ्याला लगेच मिळते का, हे निघण्यापूर्वीच लेखी विचारून घ्या.

सक्तीचा विमा 44 डॉलरचा आहे. ऑक्टोबर 2024 पासून तो लागू असून 92 दिवसांपर्यंत चालतो. पण वॉर्डातील कामात झालेली इजा, डायव्हिंगमधील अपघात किंवा रद्द झालेला प्रवास त्यात येतो, असे गृहीत धरू नका. वेगळ्या पॉलिसीतही अपवादांचे पान आधी वाचा, कारण बऱ्याच पॉलिसींत डायव्हिंगला खोलीची किंवा प्रशिक्षणाची अट असते.

आता हिशेब. 4,000 मधून भाडे, राखीव रक्कम आणि दोन्ही विमे वजा केले की 2,236 डॉलर उरतात. म्हणजे डायव्हिंगचा विषय निघण्यापूर्वीच एजन्सीचा आकडा तुमच्या ऐपतीच्या 364 डॉलर पुढे गेलेला आहे.

त्यातही मला खटकतात त्या सहली. झांझिबारमध्ये मार्च ते मे हा ‘मसिका’चा, म्हणजे मोठ्या पावसाचा काळ असतो, ज्या शनिवारी तुम्हाला नुंगवीच्या किनाऱ्यावर नेण्याचे ठरले असेल, त्या शनिवारी तुम्ही खिडकीशी बसून पाऊस पाहत असाल, आणि पैसे मात्र आधीच भरलेले असतील. त्यामुळे सहली वगळून, खर्चाचे तपशीलवार पत्रक एजन्सीकडून मागवा, आणि त्याच वेळी रुग्णालयाला स्वतः पत्र लिहून शुल्क किती व विद्यार्थ्याला कोणता परवाना लागतो, हे विचारा. पर्यटक व्हिसावर वॉर्डात काम करण्याची जोखीम घेऊ नका. एजन्सीशिवाय खोली, जेवण व शुल्क मिळून 1,480 डॉलरच्या आत बसत असेल, तर डायव्हिंग तुमच्याच पैशांत होते. फरक शे-दोनशे डॉलरचाच निघाला, तर एजन्सी ठेवा: नव्या ठिकाणी पहिल्या दिवसापासून खोली आणि ओळखीचा माणूस असणे मोलाचे असते. मात्र तेव्हा डायव्हिंग पुढे ढकला, आणि सहलींविना रक्कम 2,236 च्या खाली येईल असे पाहा.

कार्डाला माझा विरोध एवढ्यासाठी आहे, की परतल्यावर तुमचे शेवटचे वर्ष असेल आणि कमाई नसेल. पोस्टिंगसाठी घरच्यांकडून बिनव्याजी थोडी मदत घेणे मी समजू शकतो, कारण ती शिक्षणाचाच भाग आहे. सुट्टीचा खर्च मात्र शिल्लकेतूनच व्हावा.

विसाव्याचा आठवडा जूनमध्ये ठेवण्याचा तुमचा विचार योग्य आहे, कारण तोवर पाऊस ओसरत आलेला असतो. फक्त शेवटची डुबकी आणि परतीचे विमान यांत पूर्ण एक दिवस मोकळा ठेवा. अनेक डुबक्यांनंतर किमान 18 तास विमानप्रवास टाळायचा असतो. तिकीट तारीख बदलता येईल असेच काढा, मग ते थोडे महाग पडले तरी चालेल. एजन्सीचे पत्रक हाती येईपर्यंत आगाऊ रक्कम भरू नका.