"सुधारित" या एका शब्दापायी माझी गणेश चवथीची तांदळाची ऑर्डर गेली

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि माझं जुनं दुखणं परत ठसठसलं. गिऱ्हाईक विचारतंय की तुमचा उकडा तांदूळ त्या नव्या जीन एडिटेड (भाताच्याच जीनमध्ये फेरफार केलेल्या) भाताचा नाही ना, आणि तुम्ही लगेच लॅबमध्ये सॅम्पल द्यायला निघालात. थांबा जरा.

मी गोव्यातल्या पेडण्याचा, शापोरा नदीच्या काठाला आमचं खाजन (बांध घातलेली खारी शेतजमीन). चार-पाच वर्षांमागे घरच्या कोरगुटाबरोबर (आमच्याकडचं जुनं लाल भात) गोवा धान नावाचं वाण लावलं, खारं पाणी सोसतं म्हणून. हे बी कोरगुटातूनच निवडून काढलेलं, कुणी त्यात जीन-बीन घातलेला नाही. पण मी शहाण्याने पिशवीवर हौसेने छापलं, "सुधारित वाण". झालं! पेपरवाले जीएमला (बाहेरचा जीन घातलेल्या पिकाला) पण "जनुकीय सुधारित"च लिहितात ना. चवथीच्या तोंडावर एका मोठ्या गिऱ्हाइकाने ऑर्डर रद्द केली, वर चार जणांना सांगितलं ते वेगळंच.

मग हे जीएम नाही असं लिहून घ्यायला एका सरकारी ऑफिसात गेलो (कुठल्या ते विचारू नका). पहिल्या खेपेला साहेब मीटिंगला, दुसऱ्या खेपेला अर्ज इंग्रजीत आणा, तिसऱ्या खेपेला म्हणे आम्ही बियाण्याचं बघतो, तांदळाचं नाही. अरे मग बियाण्याचं तरी द्या! तेही नाही. कापणीच्या दिवसांत तीन दिवस गेले, आजही आठवलं की डोकं फिरतं.

शेवटी चिडून खाजगी लॅबमध्ये टेस्ट केली, रिपोर्ट निगेटिव्ह आला, पैसे गेले, गिऱ्हाईक काही परत आलं नाही. आणि तुमच्या बाबतीत तर ती टेस्ट आणखीच बिनकामाची. नेहमीची जीएम टेस्ट ३५एस प्रमोटरसारखे (हा जीन चालू करणारा डीएनएचा तुकडा) बाहेरून घातलेले तुकडे शोधते, आणि मे २०२५ मध्ये जाहीर झालेल्या त्या दोन जीन एडिटेड जाती, सांबा मसुरीवरून केलेली कमला आणि एमटीयू १०१० वरून केलेली पुसा डीएसटी राईस १, यांत बाहेरचा जीन ठेवलेलाच नाही, भाताच्याच जीनमध्ये बदल केलाय. म्हणूनच तर असल्या वाणांना २०२२ मध्ये जीएमवाल्या लांबलचक परवानग्यांतून सूट मिळाली. तेव्हा निगेटिव्ह रिपोर्ट दाखवलात तरी जाणतं गिऱ्हाईक हसेल.

त्यापेक्षा बियाण्याच्या पोत्याचा टॅग (सर्टिफाइडचा निळा असतो), पावती, लॉट नंबर सांभाळा, फोटो काढून पाठवून द्या. घरचं बी असेल तर सरळ "घरचं बी" लिहा. "जीएम-फ्री" मात्र छापू नका, उद्या कुणी पुरावा मागितला तर कुठून आणणार?

मी शास्त्रज्ञ नव्हे, वकीलही नव्हे, हे आपलं माझं मत. मला जीन एडिटिंगचं वावडं नाही. बांध फुटून खारं पाणी शेतात शिरलं की काय होतं ते भोगलंय, खरंच टिकणारं भात आलं तर मी पण लावून बघेन. पण मग पिशवीवर तसं स्पष्ट लिहा ना बाबांनो! बीटी वांग्याच्या (तेही जीएमच) वेळी २०१० मध्ये निदान लोकांच्या सभा घेतल्या होत्या, आता गिऱ्हाईक मोबाईलवर अर्धी बातमी वाचतं आणि बाजारात येऊन आमच्यावर संशय घेतं.

आणि हो, कोरगुटाचा उकडा असेल तर पिशवी आरपार दिसणारी घ्या. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तो लाल रंग बघितला की अर्धी माणसं काही विचारतच नाहीत.