मुंबई फिरायला नवे कपडे नकोत, मुरलेले हवेत

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑक्टोबरच्या शेवटी कुडाळहून चार दिवस मुंबई. मुक्काम डोंबिवलीला मावशीकडे. फोर्ट, घारापुरी आणि वांद्रे फिरायचं, शेवटच्या दिवशी गिरगावात बारसं, सोबत धाकटा भाऊ. आणि ‘गावाकडची दिसू नये’ म्हणून ऑनलाइन सहा-सात ड्रेस मागवायचा विचार चाललाय.

मागवू नका. डोंबिवलीच्या सकाळच्या लेडीज डब्यात नजर टाकलीत तर दिसेल काय? साधी कुर्ती, पँट, पायात स्पोर्ट्स शूज आणि छातीवर उलटी अडकवलेली सॅक. मुंबईत नवखा माणूस ओळखू येतो तो घडीच्या रेघा न मोडलेल्या कोऱ्या कपड्यांवरून आणि दर दोन मिनिटांनी गळा, ओढणी, कंबर सावरण्यावरून. लोकलमध्ये एक हात कडीला, दुसरा बॅगेवर. सावरायला तिसरा हात नसतो. म्हणून जे कपडे तुम्ही घालून, धुऊन, बसून-उठून पारखलेत तेच न्या.

दमट हवा तुम्हाला नवी नाही. फरक इतकाच की कुडाळात दुपारी घरी येऊन कपडे बदलता येतात. इथे सकाळी आठला अंगावर चढलेले कपडे रात्री नऊलाच उतरतात. मधल्या वेळात लोकलची गर्दी, तेहेतीस-चौतीस अंशांचं ऊन आणि भुयारी मेट्रोचा एसी, असे तीन हंगाम एकाच दिवसात येतात. परतीच्या पावसाची एखादी सर आली तर चौथा.

सुरुवात पायांपासून. सीएसएमटीहून हुतात्मा चौक, काळा घोडा, म्युझियम करत गेटवेपर्यंतचं अंतर जेमतेम अडीच किलोमीटर आहे. पण गल्ल्यांतून वळणं, म्युझियमचे मजले आणि स्टेशनांचे पूल धरले की दिवसाला आठ-दहा किलोमीटर सहज होतात. बूट असा हवा की उभं राहिल्यावर अंगठ्यापुढे अर्धा इंच जागा उरेल. विकत घ्यायचाच असेल तर संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात, आणि निघण्याआधी निदान आठ-दहा दिवस बाजारहाट त्यातच करा. कोऱ्या बुटांनी टाच पहिल्याच दिवशी सोलली तर उरलेले तीन दिवस गेलेच.

आपल्याकडे एक खास धोका असतो आणि त्याबद्दल सहसा कुणी बोलत नाही. ‘चांगले’ म्हणून कपाटात दोन-तीन वर्षं जपून ठेवलेले बूट बाहेरून नवे दिसतात आणि पहिल्याच लांब चालीत त्यांचा तळ भुसभुशीत होऊन तुकड्या-तुकड्यांनी गळतो. पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचा तळ हवेतला ओलावा शोषून आतून तुटत जातो, आणि कोकणातल्या हवेत ते लवकर होतं. वापर नाही म्हणून वाचला, असं इथे होत नाही. तळ अंगठ्याने जोरात दाबा, बूट मधोमध वाकवून बघा. चिकट लागला, बारीक चिरा दिसल्या किंवा पिवळट भुसा पडला तर तो बूट घरीच ठेवा. डिंकाने तो दुरुस्त होत नाही. रबरी किंवा ईव्हीए (हलक्या फोमच्या) तळाला हा रोग नाही, त्याचा फक्त डिंक सुटतो आणि तो चांभार शिवून देतो.

कोल्हापुरी न्या, पण फक्त बारशासाठी. तिचा चामड्याचा तळ स्टेशनच्या गुळगुळीत लादीवर, विशेषतः ओल्या जिन्यावर घसरतो, आणि भिजलं की चामडं फुगून अंगठा सैल पडतो. मागे पट्टा नसलेली कुठलीही चप्पल गर्दीत पायातून सुटते. सुटली तर वाकून शोधायची नाही, सोडून द्यायची.

आता कापड. लेबलवर ‘कॉटन’ लिहिलंय म्हणून भागत नाही. मलमल गार असते, पण पारदर्शक. तिला अस्तर लावलं की गारवा निम्मा जातो. जाड खादी घाम छान पिते, पण डोंबिवलीच्या ग्रिलमध्ये रात्रभरात वाळत नाही. मधलं कॅम्ब्रिक (मलमलीपेक्षा घट्ट विणीचं पातळ सुती कापड) किंवा बारीक हातमाग सगळ्यात सोयीचं. रेयॉन हातात घेतलं की मऊसूत लागतं म्हणून लोक भुलतात. पण ओलं झालं की त्याची ताकद बरीच घटते आणि घामाने भिजलेल्या काखेत शिवण उसवायला लागते. जॉर्जेट, क्रेप आणि एकूणच पॉलिस्टर पाठीला चिकटतं, वास धरतं. जाड जीन्स गाडीत घालून या हवं तर, पण फिरायला नको: गुडघ्यामागे घाम साचतो आणि भिजली तर दोन दिवस अडकून पडते.

घाम कुठल्या रंगावर दिसतो हेही बघा. फिका राखाडी, आकाशी आणि मेंदी रंग काखेतला ओला गोल लगेच दाखवतात. गडद निळ्यावर ओल दिसत नाही. काळ्यावरही दिसत नाही, पण वाळल्यावर मिठाचे पांढरे नकाशे उमटतात. पांढरा आणि बारीक छापील नक्षीचा कपडा सगळं पोटात घालतो.

ऑक्टोबरात निघताय म्हणजे कपडे पावसाळाभर कपाटात होते. हुंगून बघा. कुबट वास किंचित असला तरी दुर्लक्ष करू नका, कारण कोरडेपणी तो दबलेला असतो आणि घामाने कापड ओलं झालं की उसळून वर येतो, तेही भर डब्यात. अर्धी बादली कोमट पाण्यात एक वाटी पांढरं व्हिनेगर घालून अर्धा तास भिजवा, मग नेहमीसारखं साबणाने धुवा आणि उलटं करून दिवसभर कडक उन्हात टाका. व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र कधीच नको, त्यातून विषारी वायू सुटतो.

एक चाचणी घरच्या आरशासमोर करा. कुर्ता घालून दोन्ही हात कडी धरल्यासारखे वर करा. काखेत आवळलं किंवा आख्खा कुर्ता दोन इंचांपेक्षा जास्त वर सरकला, तर तो लोकलचा कुर्ता नाही. शिंप्याकडून काखेत चौकोनी तुकडा लावून घेता येतो, अर्ध्या तासाचं काम. पायजमा-पँटचा काठ घोट्याच्या हाडापासून दोन बोटं वर हवा. जमीन झाडणाऱ्या पलाझोवर पुलाच्या जिन्यात मागच्या बाईचा पाय पडतो, सरकत्या जिन्याच्या फटीत अडकला तर त्याहून वाईट. ओढणी, साडीचा काठ, लटकते गोंडे यांनाही तोच नियम.

खिसा. शिंपी ओळखीचा असेल तर यावर थोडा खर्च करा. कुर्त्याच्या बाजूच्या शिवणीत खिसा लावा म्हटलं की बरेच शिंपी तो कट सुरू होतो तिथपर्यंत आणतात आणि मोबाइल टाकला की कटाचं टोक फाटतं. समजा खांद्यापासून बावीस इंचांवर कट आहे. मग खिशाचं तोंड पंधरापासून एकवीसपर्यंत, म्हणजे सहा इंच, आणि खाली एक इंच शिवण पक्की. खिशाची पिशवी पॉपलिनची करा, कुर्त्याच्याच पातळ कापडाची नको. मोबाइल दोनशे ग्रॅमच्या आसपास असतो, त्याने मलमलीचा कुर्ता एका बाजूला ओघळतो. तेव्हा मलमल असेल तर खिसा पँटलाच बरा. पँटच्या कमरेला आतून चार बाय पाच इंचांचा चोरखिसा, वर चेन किंवा टिचबटण. त्यात एटीएम कार्ड आणि पाचशेची एक नोट. बाकी सगळं स्लिंग बॅगेत, पट्टा आडवा आणि बॅग पोटावर.

संख्या म्हणाल तर दोन पँट (एक गडद निळी, एक चिकू रंगाची), चार वरचे कपडे आणि एक साडी पुरे. अट अशी की चारही कपडे दोन्ही पँटवर शोभले पाहिजेत; एकाच पँटवर जाणारा कुर्ता बॅगेत घालायचा नाही. स्टाइल म्हणजे काय, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते एकच गोष्ट रोज ठेवावी, बाकी साधं. रोज एकाच घाटाची चांदीची कुडी, किंवा रोज एकच लाल सुती स्टोल. चार दिवसांच्या फोटोंत तीच तुमची ओळख ठरते. लोंबते झुमके नकोत, ते शेजारणीच्या केसांत अडकतात. सोन्याची साखळी मावशीकडेच राहू दे.

स्टोल तसाही लागणार. दोन मीटर लांब, सुती. मेट्रोच्या एसीत खांद्यावर, दुपारी डोक्यावर, हाजीअलीला गेलात तर डोकं झाकायला. सिद्धिविनायकाला जाणार असाल तर जानेवारी २०२५ पासून तिथे तोकडे, अंगप्रदर्शन करणारे कपडे आणि फाटक्या जीन्स चालत नाहीत, हे भावालाही सांगा. बॅगेत टर्किश टॉवेलऐवजी आपला पंचा टाका, तासाभरात वाळतो. आणि कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो: दिवसभर चालून मांड्या घासतात, सोलतात. कुर्त्याखाली सुती सायकलिंग शॉर्ट्स किंवा निघताना व्हॅसलिनचा पातळ हात. पावडर घामात गोळा होते, तिचा उपयोग तासाभराचा.

घारापुरी सोमवारी बंद असते, तेवढं बघून दिवस ठरवा. गेटवेहून लाँचने साधारण तास लागतो, वर लेण्यांपर्यंत सुमारे एकशेवीस पायऱ्या. धक्क्याच्या पायऱ्या ओल्या आणि शेवाळी असतात आणि लाँच हलत असते, त्यामुळे रबरी तळ आणि मोठी टांग टाकता येईल असा आखूड कुर्ता. टोपीला हनुवटीखाली दोरी नसेल तर ती समुद्रात जाणार. हातात खाण्याची पिशवी धरू नका, माकडं ओढतात.

वांद्र्याला दादरला गाडी बदलून जाल. लिंकिंग रोडवर आणि फोर्टच्या फॅशन स्ट्रीटवर घालून बघायची सोय फारशी नसते. म्हणून नीट बसणारा एक कुर्ता घरी जमिनीवर पसरून काखेपासून काखेपर्यंत मोजून ठेवा. तो आकडा दुप्पट केला की कुर्त्याची छाती. अंगाची छाती छत्तीस असेल तर कुर्ता एकोणचाळीस-चाळीस हवा. पर्समध्ये मोजपट्टी ठेवा. लेबलवरचा ‘एल’ प्रत्येक गाळ्यावर वेगळा असतो. रंग जातो का बघायला पांढरा रुमाल ओला करून आतल्या शिवणीवर घासा. लाल आणि नीळ हमखास सुटतात. भाव उतरवताना लाजू नका, पण घ्यायचं नसेल तर आकडा बोलू नका.

माझा कौल मात्र तयार कपड्यांपेक्षा मंगळदास मार्केटला. क्रॉफर्ड मार्केटजवळच आहे, रविवारी बंद. कापड मीटरवर घ्या: चव्वेचाळीस इंच पन्ह्याचं अडीच मीटर गुडघ्यापर्यंत उंचीच्या, बाह्या असलेल्या कुर्त्याला पुरतं, छत्तीस पन्हा असेल तर तीन मीटर मागा. शिवायला टाकण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा. कोरं सुती कापड मीटरमागे तीन-चार सेंटिमीटर सहज आटतं, मग कुर्ता पहिल्या धुण्यात आखूड होतो आणि दोष शिंप्याला जातो. शिवून घ्या कुडाळलाच.

भावासाठी फार काही नाही. दोन सुती शर्ट, दोन टी-शर्ट, एक पातळ पँट. शर्टाच्या वरच्या खिशात मोबाइल ठेवायचा नाही, लोकलमध्ये तो जातो. बनियन घालत असेल तर रोज बदलायला वेगळी, तीच घाम पिते.

राहिलं बारसं. साडी नेसून लोकलने जाता येतं, रोज हजारो बायका जातात. डोंबिवलीहून फास्ट लोकलने सीएसएमटी, तिथून मेट्रो तीनने काळबादेवीनंतरचं स्टेशन गिरगाव. सकाळी साडेदहानंतर निघा, तोवर गर्दीचा जोर ओसरतो. सुती-रेशमी साडी घ्या. आधी कोल्हापुरी घाला आणि मग साडी घोट्यापर्यंतच नेसा, कारण साडीची लांबी चपलेच्या उंचीवर ठरते, उलट नाही. तीन पिना: खांद्यावर पदराच्या चुण्यांना, कमरेला निऱ्यांना, आणि पदराचं टोक डाव्या कमरेला खोचून तिसरी. खांद्याची पिन कापडाच्या दोन्ही थरांतून आणि ब्लाउजच्या शिवणीतून घाला, नुसत्या कापडातून घातली तर ओढ बसून भोक पडतं. आणि ब्लाउज आजच काढून बघा: पावसाळ्यात लोखंडी हुक गंजतात, तांबडा डाग कापडात उतरतो आणि तो साबणाने निघत नाही. लिंबू आणि मीठ चोळून उन्हात ठेवलं तर पांढऱ्या सुती ब्लाउजवरून जातो, रंगीतावर हा प्रयोग नको. हुक बदलून पितळी लावून घ्या, शिंपी बसल्या बसल्या देतो.