सिंगापूरच्या सहलीला मुलीजवळ किती पैसे द्यावेत?

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत शाळेची पाच दिवसांची सिंगापूर सहल जाणार आहे. विमान, हॉटेल, जेवण, तिकिटं सगळं शुल्कात धरलंय. हातखर्चाला किती द्यायचे हे मात्र पालकांवर सोडलंय. ग्रुपवर कोणी 500 डॉलर म्हणतं, कोणी कार्डच द्या म्हणतं. आत्या-मावशीची यादीही तयार आहे. काय करू?
– एक आई, नाशिक

उत्तर : ताई, 500 डॉलर अजिबात देऊ नका. सिंगापूरचा डॉलर हिशेबाला 70 रुपये धरला, तरी हे 35,000 झाले. एवढी रक्कम अंगावर वागवायची, तर मुलीचं निम्मं लक्ष पाऊचमध्येच राहील. शाळेत असताना मी मुलांना तिकडे नेत असे, त्यावरून सांगते, जेवणखाण शुल्कात असेल तर 120 डॉलर पुष्कळ होतात.

नोटा कोणत्या न्यायच्या, हे रकमेहून महत्त्वाचं. चलन बदलून देणारे बहुधा 50च्या नोटा पुढे करतात. आठवडाभर आधी सांगून 2, 5 आणि 10च्या मागवून घ्या. एक मुलगा आठवतो. त्याने सेंटोसाला पोचताच 50ची नोट मोडली, मग हातातले सुटे त्याला स्वस्थ बसू देईनात. संध्याकाळी खिसा रिकामा! दोनची नोट जांभळी, पाचची हिरवी, दहाची लाल. चेहरा सगळ्यांवर एकच, पहिले राष्ट्राध्यक्ष युसूफ बिन इशाक यांचा, म्हणून घाईत मुलं गोंधळतात. घरी टेबलावर नोटा मांडा, तिला रंगावरून ओळखू द्या. सातचा पाढा येतोच. 6 डॉलरचं कीचेन म्हणजे 420 रुपये, हे तिला दुकानात उभ्या उभ्या कळायला हवं.

पाच पाकिटं करा, प्रत्येकात 20. उरलेले 20 बाईंकडे. आजचे उरले तर उद्याच्या पाकिटात टाकायचे, पण उद्याचं पाकीट आज उघडायचं नाही. काय घेतलं ते पाकिटावरच लिहू दे. त्या पैशांत तिने आइस्क्रीम खाल्लं की पेन घेतलं, हे फोनवरून विचारत बसू नका. पाण्याची बाटली सोबत द्या, तिथे नळाचं पाणी पिण्याजोगं असतं.

कार्ड तुमच्या नावाचं असेल तर ते आणि त्याचा पिन मुलीच्या हाती देऊ नये, बँकेच्या नियमात ते बसत नाही. अडीअडचणीला लागतील ते पैसे बाईंकडे वेगळे ठेवायला द्या.

यादीचं मात्र मला मनापासून वाईट वाटतं. तेरा वर्षांच्या पोरीने सहा जणांच्या वस्तू शोधत फिरायचं आणि मर्लायनच्या (सिंहाचं तोंड, माशाचं अंग असलेल्या) पुतळ्यासमोर उभं राहून ‘मावशीचं राहिलं’ म्हणायचं? नातेवाइकांना नाही म्हणणं तुमचं काम, तिचं नव्हे. फार तर सगळ्यांत मिळून चॉकलेटचा एक मोठा पुडा, आणि त्याचे पैसे वेगळे.

नाणी इथे कुणी बदलून देत नाही, ती परतताना चांगी विमानतळावरच संपवायला सांगा. आणि पुढच्या पालकसभेत सर्वांसाठी एकच कमाल रक्कम ठरवून घ्या. एकीकडे 500 आणि दुसरीकडे 50 असले, की 50वाली मुलगी दुकानाच्या दारातच थांबते. हे मी पाहिलंय, म्हणून आग्रहाने सांगते.