भांग सकाळी घेतली काय नि संध्याकाळी घेतली काय, फरक पडतो का?

तुम्ही विचारलंय की वेळेने नशेत फरक पडतो का, आणि झोप येत नाही म्हणून रात्री भांग घेऊन बघू का. फरक पडतो, खूप पडतो. मी नोकरीसाठी दोन वर्षं बनारसला होतो, तिकडे भांगेची सरकारी परवान्याची दुकानं आहेत म्हणून सहज मिळायची (आपल्याकडे महाराष्ट्रात तसं नाही, नुसती जवळ सापडली तरी केस होऊ शकते).

पहिल्या होळीला सकाळी नऊ वाजता भांग घातलेली थंडाई प्यायलो, पोटात फक्त चहा. पाऊण तास झाला तरी काहीच नाही, मग सगळ्यांनी आग्रह केला म्हणून अजून एक ग्लास, आणि तिथेच चुकलं. गांजा ओढला की काही मिनिटांत कळतं, पण भांग पोटातून लिव्हरमध्ये जाते, तिथे टीएचसीचं (म्हणजे नशा आणणाऱ्या घटकाचं) अजून कडक रूप तयार होतं, म्हणून चढायला अर्धा तास ते दोन तास लागतात आणि उतरायला सहा-आठ तास कुठे गेले नाहीत. अकरा वाजता दोन्ही ग्लास एकदम चढले, डोक्यावर ऊन, कानात ढोल, छाती इतकी धडधडत होती की मला वाटलं अटॅकच आला. तासभर झाला असं वाटून घड्याळ बघायचो तर पाच मिनिटं झालेली असायची. रूममेट संध्याकाळपर्यंत शेजारी बसून पाणी पाजत होता, त्याचे उपकार मी विसरणार नाही.

तिथली जुनी माणसं उन्हं उतरल्यावरच घेतात, घाटावर बसतात, घरी येऊन पोटभर जेवतात नि झोपतात. तशी मीपण छोटी गोळी घेऊन बघितली. घाबरायला झालं नाही, भूक मस्त लागली, झोपही पटकन आली, पण सकाळी डोकं एवढं जड की बाईक काढायची हिंमत झाली नाही, रिक्षाने ऑफिस गाठलं.

म्हणून झोपेसाठी नका घेऊ, आधी डॉक्टरला दाखवा, आणि हार्टचा त्रास असेल तर कुठल्याच वेळी नको. झोप लागते खरी पण स्वप्नं पडतात ती झोप कमी होते, आणि बंद केलं की तीच उसळून येते. आमच्या ऑफिसातला एकजण रोज रात्री घ्यायचा, सोडली तेव्हा पुढचे कितीतरी दिवस भयानक स्वप्नं पडून दचकून उठायचा, रात्री तीनला मला फोन करायचा.