जुनी स्पोर्ट्स कार 'फॅक्टरी ओरिजिनल' आहे हे कसं ओळखायचं? 'मॅचिंग नंबर' असले की पुरे का?

एमजी टीडी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार घ्यायची आहे आणि विकणारा "फॅक्टरी ओरिजिनल, मॅचिंग नंबर" म्हणत दुप्पट भाव सांगतोय, असं तुम्ही लिहिलंय. मॅचिंग नंबर (इंजिन-चॅसिसचे नंबर कारखान्याच्या नोंदीशी जुळणं) या शब्दावर माझा राग जुना आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे. बोअरिंग, होनिंग, लायनर, क्रँक ग्राइंडिंग, म्हणजे झिजलेल्या इंजिनाचे सिलिंडर आतून कातून, घासून किंवा त्यांत नवी नळी (लायनर) बसवून पुन्हा नीट करायचे. वडिलांनी सुरू केलं, आता मी चालवतो. बरंचसं काम ट्रॅक्टरचं आणि ऊसवाहतुकीच्या ट्रकचं असतं. पण जुन्या गाड्यांच्या इंजिनांचे बिघडलेले ब्लॉक (सिलिंडर असलेला ओतीव सांगाडा) पार पुण्याहून वडिलांकडे यायचे, कारण बिडाचं काम ते घाई न करता करायचे.

नव्वदच्या दशकात एका व्यापाऱ्याने जॅग्वार एक्सके 120 चं इंजिन आणलं. सहा सिलिंडर, डोक्यावर दोन कॅमशाफ्ट, 3442 सीसी. बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भोकं, पार खाल्लेले होते. जॅग्वारच्या स्वतःच्या सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे 0.030 इंचापर्यंत रिबोअर करायचं (भोक कातून मोठं करायचं) आणि त्यापुढे लायनर घालायचे. हे इंजिन केव्हाच त्यापुढे गेलेलं होतं. वडिलांनी सहाही लायनर बसवले, होनिंग केलं आणि नेहमीप्रमाणे माउंटिंगच्या (इंजिन गाडीला जिथे जोडतात त्या जागेच्या) शेजारी आपली खूण मारली, एक छोटा त्रिकोण. काम आपलं आहे हे पुढे कधी कळावं म्हणून ते प्रत्येक ब्लॉकवर मारायचे.

इंजिन न्यायला आला तेव्हा व्यापारी म्हणाला, "आण्णा, एवढा नंबर घासून टाका आणि मी देतो तो मारून द्या." ब्लॉकवरचा नंबर 'ए'ने सुरू होत होता. एक्सके 120 चे इंजिन नंबर 'डब्ल्यू'ने सुरू व्हायचे, नंतरच्या गाड्यांचे 'एफ'ने. 'ए' म्हणजे मार्क सेव्हन, जॅग्वारची त्याच काळातली मोठी चार दारांची गाडी. दोन्ही गाड्यांत इंजिन त्याच घराण्याचं आणि तेवढ्याच सीसीचं. गाडीचं मूळ इंजिन कधीतरी फुटलं असणार आणि कुणीतरी मार्क सेव्हनचं उचलून बसवलं असणार. त्या काळी सुटे भाग मिळत नव्हते, मिळेल त्यावर गाडी चालवायची. त्यात गैर काही नाही.

वडील म्हणाले, "साहेब, इंजिन जॅग्वारचंच आहे. मार्क सेव्हनचं आहे असं सांगून विका."

"मग किंमत निम्मी होते."

"होऊ दे की. मी नाही मारणार."

त्याने वर पैसे देऊ केले, आणि आमच्या तेव्हाच्या परिस्थितीत ते थोडे नव्हते. वडिलांनी ब्लॉक टेम्पोत चढवून दिला. तो व्यापारी आणि त्याच्या ओळखीतली गिऱ्हाइकं पुन्हा कधी आमच्याकडे फिरकली नाहीत.

काही वर्षांनी एका मोठ्या शहरातल्या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात ती गाडी मला दिसली. समोर पाटी, 'मॅचिंग नंबर'. बॉनेट उघडं होतं. माउंटिंगशेजारी वडिलांचा त्रिकोण जसाच्या तसा, आणि ऑइल फिल्टरच्या वर 'डब्ल्यू'चा नंबर. अक्षरं एका रेषेत नव्हती. आजूबाजूचं बीड साच्यातून आलं तसं खरबरीत आणि नंबराखालची जागा मात्र ग्राइंडर फिरवल्यासारखी गुळगुळीत. मी तिथल्या एका परीक्षकांना हे दाखवलं. ते म्हणाले, "तुम्ही मशीन शॉपवाले. तुमच्या लायनरमुळेच तर गाड्यांचं ओरिजिनल जातं. तुम्हाला हेरिटेज काय कळणार?"

ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही. आता तुमच्या प्रश्नाकडे येतो.

मॅचिंग नंबर म्हणजे चॅसिस, इंजिन, गिअरबॉक्स यांचे नंबर कारखान्याच्या नोंदीशी जुळणं. गाडी कारखान्यातून निघाली तशीच आहे, हा अर्थ त्यात नाही. नंबर जुळूनही रंग, गाद्या, वायरिंग, पत्रा सगळं नवं असू शकतं. शिवाय आपल्याकडे नव्याण्णव टक्के विकणारे नंबर ताडतात ते आरसी बुकाशी. इंजिन बदलून आरटीओत नोंद करून घेतली की बुकात नवा नंबर येतो आणि तो अर्थातच 'मॅच' होतो. बुक गाडी कायदेशीर आहे एवढंच सांगतं. कारखान्याची नोंद निराळी. जॅग्वारसाठी जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्ट तसं प्रमाणपत्र देतं, एमजीए आणि एमजीबी या एमजीच्या नंतरच्या गाड्यांसाठी इंग्लंडमधल्या गेडनचं ब्रिटिश मोटर म्युझियम. टीडीबद्दल एमजी कार क्लबच्या टी रजिस्टरला (टी मालिकेच्या गाड्यांच्या विभागाला) लिहा. पण त्या कागदावर गाडी निघाली तेव्हाचे नंबर, रंग, तारीख असतात. तुमच्या समोर उभी असलेली गाडी त्यांनी पाहिलेली नसते.

टीडीच्या बाबतीत तर इंजिनच्या नंबराची अष्टकोनी पट्टी रिव्हेटने ठोकलेली असते. अशी पट्टी सांगलीत कुठलाही नेमप्लेटवाला दुपारपर्यंत करून देईल. त्या पट्टीवर दुप्पट पैसे देऊ नका.

दुसरं खूळ म्हणजे कारखान्यातून आलेली गाडी आरशासारखी असायची हे. नव्हती. दारांच्या फटी कमीजास्त असायच्या, आतल्या कोपऱ्यांत रंगाचे ओघळ असायचे, जिथे नजर जात नाही तिथे हात राखून मारलेला असायचा. अमेरिकेत कॉर्व्हेट या तिथल्या स्पोर्ट्स कार तपासणारी एनसीआरएस ही संस्था गाडी कारखान्याच्या नेहमीच्या दर्जापेक्षा चांगली केली असेल तरी गुण कापते. आपल्याकडे उलट आहे. लंबी (पुट्टी) भरून, चार हात ड्यूको मारून, क्रोम झगझगीत करून आणलं की बक्षीस.

तिसरं, एका मॉडेलच्या सगळ्या गाड्या सारख्या असं धरून चालणं. जॅग्वार ई-टाइप 1961 ला आली. पहिल्या 500 गाड्यांना बॉनेटची कुलपं बाहेरून होती, नंतर आतून आली. पायाखालचा सपाट पत्रा 1962 च्या सुरुवातीला बदलून खोलगट केला. म्हणजे 'ई-टाइपला असं नसतंच' म्हणणाऱ्याला आधी चॅसिस नंबर विचारायचा, मग बोलायचं.

आणि कारखाने स्वतः काय करायचे? बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन, एमजी बनवणारी) कंपनी 'गोल्ड सील' नावाने दुरुस्त केलेली इंजिनं विकायची, सोनेरी रंग मारून. मालक जुनं इंजिन देऊन ते बसवून घ्यायचा. कारखान्यानेच दिलेलं, कारखान्यानेच नंबर बदललेलं इंजिन. त्याला नकली म्हणणार का?

हाच प्रश्न लंडनच्या न्यायालयात गेला होता. 'ओल्ड नंबर वन' नावाची बेंटली स्पीड सिक्स. 1929 आणि 1930 ला फ्रान्समधली ल माँची शर्यत जिंकलेली. पुढे तिच्यात 8 लिटरचं इंजिन बसवलं आणि 1932 मध्ये इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्सच्या शर्यतीत तिच्या अपघातात चालक क्लाइव्ह डनफी गेला. गाडी पुन्हा बांधली गेली. 1990 मध्ये 1 कोटी पौंडांना सौदा ठरला आणि घेणारा मागे हटला, म्हणाला ही ती गाडीच नाही. न्यायमूर्ती ऑटन यांनी तिचा इतिहास वर्षावर्षाने तपासला. मूळचे सुटे भाग फारच थोडे उरले होते, तरी गाडीची वाटचाल कुठे तुटलेली नव्हती, बदल हळूहळू होत गेले होते आणि त्यांत गाडीची ओळख हरवलेली नव्हती. त्यांनी तीच 'ओल्ड नंबर वन' ठरवली. माझे वडील हेच सांगत होते. मार्क सेव्हनचं इंजिन हा त्या एक्सकेचा खरा इतिहास होता. ग्राइंडर लावून तो पुसला आणि त्या पुसण्याला लोकांनी टाळ्या दिल्या.

तेव्हा गाडी बघायला जाताना पेंटरला नेऊ नका, मशिनिस्टला न्या. विकणाऱ्याला सरळ विचारा, बोअरिंग कुणी केलं, कितीचा ओव्हरसाइज आहे (सिलिंडर मूळ मापापेक्षा किती मोठे केलेत), पिस्टन कुठून आणले. "कधी इंजिन उघडलंच नाही" म्हणाला तर टीडी 1953 ला बंद झाली याची आठवण करून द्या आणि चहा पिऊन निघा. दारं उघडून सांध्यात स्क्रूड्रायव्हर टोचा. टीडीच्या पत्र्याखाली लाकडी सांगाडा असतो, मूळचा अ‍ॅश लाकडाचा. आपल्याकडे तो वाळवीने खाल्ल्यावर सागवानात केलेला सापडतो. सागवान दिसलं म्हणून भाव पाडायला हरकत नाही, पण गाडी नाकारू नका. चांगल्या सुताराने केलेला असेल तर तो तुमच्या नातवापर्यंत टिकेल. गाडी सांगलीत किंवा कृष्णाकाठी कुठे असेल तर 2019 आणि 2021 च्या महापुरात ती कुठे उभी होती, हे विचारल्याशिवाय वायरिंगला 'ओरिजिनल' मानू नका.

एक मान्य करतो. मूळ इंजिन, मूळ रंग, मूळ गाद्या खरंच टिकलेली गाडी दुर्मीळ असते आणि तिला जास्त पैसे मोजणं योग्यच आहे. तशी भेटली तर तिला हात लावू नका, पॉलिशसुद्धा जपून.

आणि व्हिंटेज गाड्यांसाठीचा खास 'व्हीए' नंबर घ्यायचा असेल तर केंद्राचा 2021 चा नियम वाचून घ्या. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली हवीत आणि चॅसिस, बॉडी, इंजिनमध्ये मोठा फेरफार झालेला नको. शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, आणि त्या नंबरावर गाडी रोजच्या कामाला फिरवता येत नाही. चॅसिसवर पंच केलेला नंबर घासल्याची जरा जरी शंका आली तरी सौदा तिथेच सोडा. तो गुन्हा आहे आणि कागद तुमच्या नावावर झाल्यावर पोलीस तुमच्याच दारात येतील.