जुलैमध्ये रांगणा किल्ल्याला जाऊ का? कोल्हापुरात तर ऊन पडलंय

भावा, कोल्हापुरातलं ऊन बघून रांगण्याचं ठरवू नकोस. गड एकदम घाटमाथ्याच्या कडेला आहे, खाली थेट कोकण, त्यामुळं समुद्रावरनं आलेला ओला वारा कड्याला धडकून वर चढतो, गार होतो आणि बघता बघता ढग तयार होतात, म्हणजे रंकाळ्यावर कोरडं ठणठणीत असतं तेव्हा तिकडं पाच फुटांवरचा माणूस दिसत नाही.

गारगोटी, पाटगाव करून भटवाडीपर्यंत रस्ता आहे, पुढं जंगल. खरी भीती पावसाची नाही, ओढ्यांची. जाताना घोट्याएवढं पाणी असतं आणि वर कुठंतरी सर झाली की येताना तेच कमरेला लागतं, पाणी गढूळ व्हायला लागलं, काटक्या-पाला वाहत यायला लागला की उतरायचंच नाही, थांबायचं, मग कितीही उशीर होऊदे.

भटवाडीतनं गावचा माणूस घ्या सोबत, धुक्यात गव्यांच्या वाटा आणि गडाची वाट सारखीच दिसते. जळवांसाठी मीठ किंवा तंबाखू ठेवा. लहान पोरं असतील तर खरंच सांगतो, नोव्हेंबरात जावा.